पडद्यामागचे हात

मी तापट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नका. कोपरीतल्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय लागली ती लागलीच. ही गोष्ट मात्र मी हळू सांगणार आहे. तो दिवा जरा इकडे सरकवा, आणि मधे काही विचारू नका.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचा, सर्वेशचा फोन आला. "आत्या, आजीचा फोटो घेऊन ये ना. ओरिजिनल पाहिजे. मागच्या वेळेस मोबाइलवर काढलेला ना, त्याच्यात काचेची चमक येते." शहाडला आमची भातशेती होती, तिथे आता त्याचा टॉवर उभा राहतोय. त्याला त्याने माझ्या आईचं नाव दिलंय, जाईबाई हाइट्स. नाव ऐकून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि सकाळचा स्वयंपाक आवरून खोपटहून एसटी धरली.

आईचा तो एकच फोटो. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, हाताची चवही नाही. माझ्या लग्नात वडिलांनी, काळुराम त्यांचं नाव, हा फोटो घरातल्या भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिला आणि न बोलता मांडवाबाहेर निघून गेले. फोटोत आई खुर्चीवर बसलीय. नऊवारी लुगडं, मांडीत हात, केस चापून बसवलेले, नुकतेच न्हाल्यासारखे ओले. मागे कसलासा जाड पडदा. डोळे टक्क उघडे. लहानपणी मी त्या फोटोसमोर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन बघायचे. मैत्रिणींच्या घरचे देव, आजोबा, पुढारी सगळे कुठूनही आपल्याकडे बघतात. माझी आई कुठूनही बघायची नाही. ती कॅमेऱ्याकडेही बघत नव्हती. याचं मला इतकं वाईट वाटायचं की एकदा मी तिच्याशी भांडलेसुद्धा.

सर्वेशने सॅम्पल फ्लॅटमध्ये बोलावलं होतं. भर दुपारची वेळ, पण स्क्रीन नीट दिसावी म्हणून सगळे पडदे ओढलेले. नव्या रंगाचा वास, एसीची घरघर आणि भिंतीवर दाराएवढा टीव्ही. तिथे ऐश्वर्या नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. ती असले फोटो एआयने हलते करून देते. मुलगी गोड होती, तिच्यावर माझा राग नाही.

"आत्या, आधी हे बघ. जुन्या फोटोवरून ट्रायल केलंय," सर्वेश म्हणाला. "परवा भूमिपूजनाला मोठ्या एलईडीवर लावणार. बुकिंगवाले सगळे येणारेत."

टीव्हीवर माझी आई उजळली. तिने मान कलती केली, बत्तीस दात दाखवून हसली, हात जोडले आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "माझ्या लाडक्या लेकरांनो, या वास्तूत सुखाने नांदा. क्लब हाउस आणि नदीच्या दर्शनासह."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे रे?"

"इमोशनल कनेक्ट होतो आत्या. लोक रडतात. दुसऱ्या एका बिल्डरने त्याच्या बापाचं केलेलं, पब्लिक एकदम शांत झालेली."

"तुझी आजी मिठागरात वाढली. नदीचं दर्शन म्हणायला तिला जीभ तरी वळली असती का? ती आगरी बोलायची. या तुझ्या बाईसारखी ती जन्मात बोलली नसेल. आणि हसते कुणाला? गिऱ्हाइकांना? ती जिवंत असताना तिला कुणी विचारलं नाही, मेल्यावर तिला दारात उभी करून दात काढायला लावताय! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात याला, सर्वेश."

"अगं, मी नाव दिलंय ना तिचं..."

"नाव दिलंस म्हणजे तोंड विकत घेतलंस का तिचं?"

ऐश्वर्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी तणतणत फ्रेम पुन्हा टॉवेलात गुंडाळायला घेतली, आणि गुंडाळता गुंडाळता थांबले. त्या खोट्या, दातवाल्या बाईने मान वळवली होती तेव्हा तिची नजर क्षणभर माझ्यावरून गेली होती. खोटी होती, मला कळत होतं. तरी काळजात कुठेतरी लक्कन हललं होतं.

"ऐश्वर्या," मी म्हटलं, "आवाज नको. हसू नको. हात जोडणं नको. फक्त तिने माझ्याकडे बघायचं. एवढं होईल?"

"होईल ना मॅम. एकदम सोपं आहे."

तिने फ्रेमची काच काढली, फोटो नीट टिपून घेतला आणि काहीतरी टाइप केलं. आम्ही तिघं वाट बघत बसलो.

टीव्हीवर आई आली. आधी नुसती बसून. मग तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. अगदी सावकाश. टक्क उघडे असलेले ते डोळे अर्धे मिटले, मग पुरते मिटले. हनुवटी छातीकडे उतरली. तोंड थोडंसं उघडलं. आणि मागच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हात पुढे आले, त्यांनी तिचं डोकं कानांपाशी धरलं आणि वर उचललं.

"हे... हे काय?" सर्वेश म्हणाला.

"सॉरी मॅम, एक्स्ट्रा हँड्स येतात कधीकधी. एआयला हातांचा प्रॉब्लेम असतो," ऐश्वर्या हसून म्हणाली. "परत करते."

परत केलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मान पडली, पुन्हा हात आले. तिने शब्द बदलून पाहिले. डोळे उघडे ठेव, असं सांगितलं. मागे कुणी नाही, असं सांगितलं. दर वेळी तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा संथ. आता हात नीट दिसत होते. बाईचे, तरुण बाईचे. मनगटावर हिरवट ठिपक्यांचं गोंदण होतं. धरलेल्या त्या चेहऱ्याचे ओठ हलत होते. आवाज मी बंदच करायला सांगितला होता.

एसी चालू असून खोली कोंदट झाली होती. नव्या रंगाच्या वासात मला दुसरा वास यायला लागला, उदबत्तीचा आणि ओल्या केसांचा. मी विचारलं नाही कुणाला. ऐश्वर्याने आपली ओढणी नाकाशी धरलेली मला दिसली.

"सर, मी दुसरा फोटो वापरू का... कुणाचाही?" ती म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

"नाय, चालेल," सर्वेश घसा खाकरून म्हणाला. "सुरुवातीचं ठेव, डोळे मिटायच्या आधीचं. हात दिसतील तिथे क्रॉप कर."

काय सांगू तुम्हाला, भीती वाटत होती ती त्या वाक्याने पार जळून गेली! समोर आजीची मान पडतेय आणि नातू म्हणतो क्रॉप कर. मी ऐश्वर्याला ती क्लिप माझ्या फोनवर पाठवायला लावली, फोटो उचलला आणि सर्वेशला म्हटलं, "परवा माझी आई त्या पडद्यावर दिसली तर मी स्टेजवर चढून वायर उपटेन. मग तुझी पब्लिक खरंच शांत होईल." तो मला ओळखतो.

तिथून मी तडक गंगुबाईकाकीकडे गेले. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आई गेली तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली, मिसरूड न फुटलेल्या नवऱ्याची नवरी. त्या पिढीतली आता ती एकटीच उरलीय. नव्या बिल्डिंगमध्ये राहते, पण बाल्कनीत परात घेऊन जवळा, ती बारकी सुकी कोळंबी, निवडत बसते, आणि त्या वासावरून शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली तर त्यांनाच चार शिव्या घालते.

"कवा आलीस गो बाय? बस. जेवलीस का?"

मी तिच्या शेजारी खाली बसले. ऊन अजून बाल्कनीत होतं. मी रागारागाने सगळं सांगितलं, सर्वेशचा टॉवर, दात काढणारी आई, नदीचं दर्शन. काकी जवळ्यातले खडे वेचत हूं हूं करत होती. मग मी फोन तिच्यापुढे धरला.

तिने क्लिप पाहिली. हातातला जवळा परातीत सोडला. मग तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आपलं मनगट फोनशेजारी आणून ठेवलं. कातडी सुरकुतलेली, पण ठिपके तेच. एक ओळ वाकडी गेलेली, तीही तशीच.

"हे माजे हात हायेत," ती म्हणाली.

"काकी, फोटोत हात नाहीत. फोटोत नुसता पडदा आहे."

"पडदा कसला? माजं लग्नातलं घोंगडं व्हतं ते. मी त्याच्यामागं बसलेली."

"का?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की मला माहीत आहे. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी मला सांगितलं असेल.

"बाय, तुजी आय गेलेली तवा."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

काकीने सांगितलं ते असं. आई तापाने फणफणली आणि पहाटे गेली. तिला आंघोळ घातली, कुंकू लावलं. मग वडील ओरडायला लागले, की हिचा एकपण फोटो नाय, पोरीला आयचं तोंड तरी माहीत पायजे. कल्याणहून फोटोवाला आणला. आडवी काढली तर मेलेली दिसेल, म्हणून तो म्हणाला बसवा. खुर्चीत बसवली. मान राहीना. मग घरातली सगळ्यात नवी सून म्हणून काकीला घोंगड्यामागे बसवलं आणि तिथून डोकं धरायला लावलं. डोळे फोटोवाल्याने नंतर दुकानात ब्रशने काढले. तेव्हा असं बरेच जण करायचे, काकी म्हणाली, ज्यांच्याकडे जित्या माणसाचा फोटो नसायचा ते सगळे करायचे.

"तो मेला उजेडासाठी घोळ घालीत बसला. हिकडं सरकव, तिकडं सरकव. माजे हात भरून आले. फोटो झाला आन तशीच उचलून नदीवरच्या मसनात नेली, दिवस बुडायच्या आत."

मला कुणाचा राग येत होता ते माझं मलाच कळेना. बापाचा? त्याने माझ्यासाठीच केलं होतं. फोटोवाल्याचा, ज्याने रंगवलेल्या डोळ्यांशी मी जन्मभर भांडले? माझ्या आईला मेल्यावर पाठ टेकायला मिळाली नाही. आधी खुर्चीत बसवली, मग माझ्या भिंतीवर टांगली, आणि आता नातू तिला उभी करून गिऱ्हाइकांपुढे हात जोडायला लावत होता. आणि मी? मीही दुपारी तिला एक काम सांगितलंच होतं, माझ्याकडे बघ म्हणून. बाईला मरूनसुद्धा सुट्टी नाही!

मी तिथूनच सर्वेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, डिलीट करतो सगळं. शप्पथ. नावपण बदलू काय?" त्याने खरंच डिलीट केलं. भूमिपूजनाला नुसती सनई लावली. पोरगं वाईट नाही, अक्कल उशिरा येते एवढंच.

मीही माझ्या फोनमधली क्लिप पुसायला घेतली. तेवढ्यात काकीने माझा हात धरला.

"थांब. येकदा परत दाखीव."

मी दाखवली. काकीने फोन पार डोळ्यांशी नेला. पापण्या मिटल्या, मान पडली, हात आले, ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. काकीचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलत होते.

"काकी... तुला कळतंय ती काय बोलते ते?"

"निजव बोलते. निजव मना, गंगू... निजव..."

"मला झोपव म्हणते? छे, मशीन आहे गं ते. काहीही करतं." माझा आवाज मलाच पटला नाही. "ते करणारी मुलगीच म्हणाली, त्याला हातसुद्धा नीट जमत नाहीत. ते मनानेच रचतं."

काकीने मान हलवली. तिने फोन उलटा करून परातीशेजारी ठेवला आणि लुगड्याला हात पुसले, पुसतच राहिली.

"रचेल कसं बाय? तिनं हेच सांगितलेलं."

"कधी?"

"तवाच. मी मागं धरून बसलेली ना... माज्या हातात तिचं डोकं व्हतं. आयकलं मी. हलूच बोलली, दोन डाव." ती आता माझ्याकडे बघत नव्हती. "मना वाटलं, मना भास झाला. नवीन सून मी, कुनाला सांगू? मंग त्यांनी तिला उचलली..."