एकादशीला बहिरा होणारा टॉवर

या, अशा जवळ सरका. हातातली माळ चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. सेनगाव तालुक्यातल्या बोरदरीची गोष्ट सांगतो. हिच्यात गुन्हेगार आहे, पण तो सापडल्यावर त्याला बोल लावायची घाई करू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

एकादशीची सकाळ. नऊ वाजून गेलेले. माळावरच्या टॉवरखाली ग्यानबा कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"अशफाक, बाजूला हो. आज हे वायर तोडतोच मी."

अशफाक कंपनीचा मिस्त्री. तीन महिन्यांपूर्वी त्यानेच या टॉवरवर फोर-जी चढवलं होतं. त्याने कुऱ्हाडीकडे पाहिलं नाही, ग्यानबाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते रात्रभर मिटलेले दिसत नव्हते.

"मामा, वायर तुटलं तर शिवकन्याचा फोन कुठून येईल?"

ग्यानबाचा हात खाली आला.

शिवकन्या त्याची एकुलती लेक. गावच्या बालवाडीत शिकवायची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला नेऊन रक्त धुऊन आणायचं. आता सुई घालायला हातात नससुद्धा धड उरली नव्हती. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मूत्रपिंडासाठी तिचं नाव लागलेलं. मागच्या एकादशीला तिकडून फोन आला होता, तो लागलाच नाही. ते मूत्रपिंड दुसऱ्याला गेलं. पुन्हा असं झालं तर नाव बाजूला ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग तुम्ही हिंगोलीला खोली काहून केली न्हाई?" अशफाकने विचारलं.

"करणारच होतो! सामान बांधलं होतं. तर दुसऱ्या दिवसापासून फोन ठणठणीत. तूच म्हणला, नवी केबल टाकली, आता तकलीफ न्हाई. म्हणून थांबलो. दहा दिवस बराबर चालला आन् पुन्हा तेच! घरी पाच दांड्या हायत फोनात, पाचच्या पाच! आन् लावलं की मढ्यागत गप्प."

अशफाकला ते शब्द लागले. केबल बदलली, फोन सुधारला, शाबासकी त्याने घेतली होती. मग दहा दिवसांनी बिघडलं काय?

कंपनीची तपासाची गाडी संभाजीनगरहून यायला अजून आठवडा होता. त्याच्याकडे होती फक्त टॉवरच्या यंत्रातली दर अर्ध्या तासाची नोंद आणि स्वतःचं डोकं.

त्याने पहिल्यांदा राखणदाराला धरलं.

"फकीरचाचा, खरं सांगा. बॅटऱ्या काढून नेता का?"

"तोबा! बॅटरी काढली तर टावर मरेल. मग लोकांच्या फोनात दांड्या कशा दिसतील?"

चाचांचं बरोबर होतं. दांड्या दिसतात म्हणजे टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतो. फोनचा आवाज मात्र टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवर मुका नव्हता. बहिरा होता.

अशफाकने त्या नोंदी उतरवलेली वही उघडली. रोज पहाटे पाच ते साडेसहा बहिरा. रोज सांजेला सहा ते आठ बहिरा. मागच्या एकादशीला दिवसभर. मधले दहा दिवस एकदाही नाही. आणि आज पहाटे पाचपासून आत्तापर्यंत, सलग.

पहाटे काकडा, सांजेला हरिपाठ, एकादशीला दिवसभर भजन. वेळा तर देवळाच्याच होत्या!

तो देवळात धावला. पारावर गोजरबाई टाळ पुसत बसली होती. सत्तरी उलटलेली, पण गावातलं एकही कीर्तन तिने चुकवलेलं नव्हतं.

"आजी, देवळाच्या भोंग्याची मशीन कुठंय?"

"आता भोंग्यावर आला का? मघाशी फकिरावर होता म्हणं." ती हसली. "तुह्या टावरपेक्षा माझा टाळ बरा बाबा. वाजवला की पलीकडच्याला ऐकू तरी जातो."

"आजी, हसू नका. पोरगी मरून राहिली."

गोजरबाईचं हसू मावळलं. "ईचार."

"मागच्या एकादशीनंतर दहा दिवस भोंगा बंद होता का?"

"न्हाई रे. उलट सप्त्यातले महाराज आले होते. दोन्ही वेळ दणक्यात. महाराज माईक घेऊन भोंग्याच्या पुढं गेले का अशी शिट्टी वाजायची, की खुद्द महाराजांचं बोलणं कुणाला ऐकू येईना."

अशफाक जागीच थबकला. शिट्टी. माईक भोंग्याचं ऐकतो, भोंगा माईकचं, आणि त्या गोंगाटात माणसाचा आवाज बुडतो. टॉवरच्या कानाशी कुणीतरी अशीच शिट्टी वाजवत होतं. पण भोंगा चालू असलेल्या दहा दिवसांत टॉवर नीट होता. म्हणजे भोंगा निर्दोष.

"आजी, त्याच वेळेला गावात दुसरं काय होतं?"

"दुसरं काय होणार? देवापुढं दिवा, बल्ब लागतात घरोघर. एकादशीला दिवसभर ठेवतात."

"आणि मधले दहा दिवस? तेव्हा लागले नव्हते?"

"लागले की. गाव काय अंधारात बसलं व्हतं?" ती थांबली. टाळ मांडीवर ठेवला. "फक्त सुतकाच्या घरात न्हाई लागले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ग्यानबाचा चुलतभाऊ वारला ना. दहा दिवस त्यांच्या भावकीत देवाला हात लावला न्हाई कुणी. तुमच्यात न्हाई ते, तुला ठाऊक नसंल."

"भावकीची घरं किती?"

"तीन. दोन इथं पारापाशी, आन् ग्यानबाचं खाली दऱ्यात."

दऱ्यात! फोर-जी चालू केलं तेव्हा अशफाकने प्रत्येक आळीत उभं राहून मोजणी केली होती. दऱ्यातल्या घरात जेमतेम एक दांडी यायची. आणि ग्यानबा म्हणाला होता, पाचच्या पाच.

घड्याळात नऊ चाळीस झाले होते. अशफाक पळत सुटला.

अंगणात शिवकन्या बाजेवर पडली होती. चेहरा सुजलेला, फोन छातीशी धरलेला. ग्यानबा मागून धापा टाकत आला.

"आता माह्या घरात काय शोधून राहिला?"

अशफाकने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि तिथूनच हाक दिली. "मामी, देवघरातला लाईट कोण लावतं?"

सखुबाई, शिवकन्याची आई, पदर सावरत बाहेर आली. "मीच लावते. का?"

"त्याच बटणावर अजून काही आहे का?"

सखुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ग्यानबाची मान खाली गेली.

"दुकानदार म्हणला होता, कुणाला सांगू नका," तो पुटपुटला. "दिवाळीनंतर घरात दांडीच येईना. हिंगोलीहून आणलं. फोन ओढायचं मशीन. पोरीचा फोन चुकू नये म्हणून."

देवघरात, देवांच्या शेजारी, लाल फडक्यावर एक पांढरी पेटी होती. तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं. तिची तार भिंतीतून वर गेलेली आणि छपरावर टीव्हीच्या छत्रीआड तिचा कान, म्हणजे अँटेना, लपवलेला.

"मामी, बटण बंद करा."

"आज एकादशी हाय रे लेकरा. आज देवापुढचा उजेड कसा मालवू?"

"समई राहू द्या. देव समईत आहे. फक्त बटण."

सखुबाईने बटण दाबलं. टक.

"मामा," अशफाक हलक्या आवाजात म्हणाला, "ही पेटी फोनला टॉवरचा आवाज मोठा करून ऐकवते, म्हणून पाच दांड्या दिसतात. पण आतला कान आणि छपरावरचा कान जवळजवळ आहेत. ती स्वतःचंच ऐकते, स्वतःच ओरडते. महाराजांच्या माईकची शिट्टी व्हायची ना, तशी. त्या शिट्टीत टॉवरला सगळ्या गावाचे फोन ऐकू येईनासे होतात. मामी देवाजवळ दिवा लावतात तेव्हा ती जागी होते, दिवा मालवला की झोपते. सुतकात दहा दिवस झोपून होती, आणि मला वाटलं माझ्या केबलने काम केलं. शोध घ्यायचा सोडून मी घरी गेलो. चूक माझीही आहे."

ग्यानबा भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणजे मागच्या एकादशीचा फोन... मीच अडवला? मी, तिच्या बापानं?"



शिवकन्याच्या छातीवरचा फोन थरथरला. एकदा. पुन्हा. पुन्हा. अडकलेले निरोप एकामागून एक येऊन पडले. दवाखान्याचा नंबर, आठ दहा. आठ पंचवीस. आठ पन्नास. नऊ वीस.

"बाबा," ती कशीबशी उठून बसली, "बाबा, लावा!"

ग्यानबाने फोन घेऊन अशफाकच्या हातात दिला. अशफाकने नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडून बाईचा आवाज आला, कठोर, घाईचा.

"कुठे होतात? दहाला आम्ही पुढच्या पेशंटला फोन करणार होतो. दोन वाजून गेले तर उपयोग नाही. येताय का?"

घड्याळात नऊ त्रेपन्न.

"येऊन राहिलो," ग्यानबा एवढंच बोलू शकला. "बाई, आमी येऊन राहिलो!"

अशफाकने कंपनीची गाडी अंगणात घातली. शिवकन्याला दोघांनी उचलून मागे बसवलं. जाताना ग्यानबाने ती पेटी उपटून दरीत भिरकावली असती, पण सखुबाईने हात धरला. "राहू द्या. तिनं काय केलं? आपणच तिला देवाजवळ बसवलं." अशफाकने ती गाडीत घेतली. एक पंचेचाळीसला ते दवाखान्याच्या दारात होते.

शिवकन्या आज बालवाडीत पोरांना गाणी शिकवते. गोजरबाई तिला चिडवते, "तुह्यापायी एकादशीला पहिल्यांदा देवघरातला बल्ब इझला गं!" ग्यानबा हरिपाठाला येतो, पण दारापाशीच बसतो, मान खाली घालून. त्याला कुणी काही म्हणत नाही.

आता एकच मागणं. त्या एकादशीच्या पहाटे कुठल्यातरी अनोळखी घरात आक्रोश चालला होता, आणि त्या आक्रोशातही त्या घरच्यांनी "द्या, कुणीतरी जगेल" असं म्हटलं होतं. त्या गेलेल्या जिवाचं नाव दवाखान्याने सांगितलं नाही. सखुबाई अजूनही विचारते. तुम्ही आज सांजेला दिवा लावाल ना, तेव्हा हात जोडताना क्षणभर त्याला आठवा.