सहाशे चाळीस फाइली

हळू झालेला कॉम्प्युटर घेऊन गिऱ्हाईक दुकानात येतं, तेव्हा त्याचा चेहरा घरचं माणूस आजारी असल्यासारखा असतो. मी सरळ सांगतो, याला काही झालेलं नाही, तुम्ही याला कोंबून भरलंय. सुरू होताना नको ते पंचवीस प्रोग्रॅम उठून बसतात, पंख्यात बोटभर धूळ असते आणि टेम्प नावाच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ असतो. प्रत्येक प्रोग्रॅम काम करताना तिथे तात्पुरत्या फाइली टाकतो आणि उचलायला विसरतो. त्या कुणाच्याच कामाच्या नसतात. मी त्या उघडून बघत नाही आणि कुणाला विचारतही नाही. सगळ्या निवडायच्या आणि शिफ्ट दाबून डिलीट. नुसतं डिलीट केलं तर कचरा रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतो, शिफ्ट दाबलं की कायमचा जातो. सोळा वर्षं दुकान चालवतोय, त्यापायी कुणी रडत परत आलेलं नाही.

दुसरा नियम मी दुकानात मोठ्या अक्षरांत लावून ठेवला आहे. चालू मशीनची वायर ओढू नये. ओढणाऱ्यांना मी हात नाचवून नाचवून झापतो. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही, लहानपणी दाराच्या फटीत गेलं. शेजारचा न्हावी मला त्यावरून साडेनऊ म्हणतो, आणि आता अर्धी गल्ली म्हणते.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी चिमीकडे गेलो. चिमी माझी धाकटी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे तिचं लग्न मीच जमवलं. तिला आधी ते स्थळ नको होतं. मी समजूत घातली, मग तयार झाली. मी घरी वापरत होतो ते, माझ्या हाताने जोडलेलं मशीन लग्नात तिला दिलं, कारण मेहुणे घरांचे नकाशे काढून देतात आणि त्यांना ते उपयोगी पडणार होतं. नऊ वर्षं झाली याला. मेहुण्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही. चिमी बोलायची कमी झाली, वाळली थोडी, पण अंगावर साधा ओरखडा कधी दिसला नाही. आई जाईपर्यंत सांगत होती, माझी पोर सुखात आहे. मीही तेच धरून चाललो होतो.

"या दादा," मेहुणे म्हणाले. "एक नकाशा उघडायला सात मिनिटं घेतोय. माणसाने संयम ठेवायचा तरी किती?" बोलताना त्यांनी टेबलाच्या कडेवर मूठ आपटली. अगदी हलकेच.

"जावईबापू, तासाभरात पळायला लावतो."

चिमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मशीनचं टेबल त्याच भिंतीला लागून होतं. "दादा, राहू दे ना," ती म्हणाली. "हळू चालतं, पण चालतं ना."

"अगं, धापा टाकतंय ते. ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतं." तिने पुढे होऊन कॅबिनेटवर ठेवलेलं फडकं काढलं आणि घडी घातली. मग तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा पत्र्यावर क्षणभर हात ठेवला. "आतलं काही काढू नकोस. आहे ते आत राहू दे."

"ट्रंक आहे का ती?" मी हसलो. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकायला मिळतं आणि मी रोज ते कानाआड करतो. ती आत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येऊ लागला.

कॅबिनेट उघडलं तर धूळ नावाला नव्हती. पंख्याची पाती आरशासारखी पुसलेली. इतक्या जुन्या मशीनमध्ये असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग बाजूचा पत्रा उजेडात धरला. त्यावर पोचे होते. पंधरा-वीस तरी असतील, काही नाण्याएवढे, एक बशीएवढा.

"जावईबापू, लाथा घालता की काय याला?"

"मी कशाला घालू?" मेहुणे शेजारच्या खुर्चीत मोबाइल बघत बसले होते. मान वर न करता म्हणाले.

पत्रा परत बसवताना माझ्या लक्षात आलं की पोचे बाहेरच्या बाजूला फुगले होते. आतून मारल्यासारखे. आत पंखा आणि डिस्क सोडली तर हलणारं काही नसतं. मी दोन मिनिटं तो पत्रा हातात घेऊन बसलो आणि मग, पत्राच भिकार होता, असं स्वतःला सांगून स्क्रू आवळले.

मशीन सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. डिस्कची पट्टी लालभडक, जागा जवळजवळ संपलेली. सुरुवातीचे फालतू प्रोग्रॅम बंद केले, काही फरक पडला नाही. मग टेम्प उघडला. इथे साधारण हजारो बारीकसारीक फाइली असतात. या फोल्डरमध्ये सहाशे चाळीस होत्या आणि त्यांनीच सगळी डिस्क खाल्ली होती. नावं नेहमीसारखी, आकडे आणि अक्षरांची खिचडी. तारखेप्रमाणे लावल्या, जुनी आधी. वेळा बघून मला गंमत वाटली. बहुतेक सगळ्या संध्याकाळी साडेसात ते आठच्या मधल्या. रविवारच्या मात्र दुपारच्या. जुन्या फाइली लहान होत्या, पुढे पुढे त्या फुगत गेल्या होत्या, आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या तर अगडबंब.

"रोज साडेसातला याला काय होतं हो?" मी विचारलं.

मेहुण्यांनी मोबाइल खाली ठेवला. "साडेसातला मी घरी येतो," ते म्हणाले.

सगळ्यात पहिल्या फाइलची तारीख लग्नाच्या महिनाभर आधीची होती. तेव्हा मशीन आमच्याच घरी होतं. तारीख ओळखीची वाटली, पण डोक्याला ताण दिला नाही. सगळ्या निवडल्या. शिफ्ट. डिलीट.

अशा फाइली डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात. इथे आकडा सहाशे चाळीसवर थांबला, डिस्क एकदा कुरकुरली आणि सहाशे एकोणचाळीस झाला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात चटकन आवाज झाला. ओला कपडा फरशीवर आपटावा तसा.

चिमी दारात आली. डावा गाल हाताने दाबून धरला होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती, चक्रावली होती. तिने मेहुण्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दादा?"

"काय गं? झाकण लागलं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत वळली.

सहाशे अडतीस. आत काहीतरी धपकन पडलं. सहाशे सदतीस. तिने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला. फाइलीमागे चार-पाच सेकंद लागत होते. मी हिशेब करत होतो की पाऊण तासात काम होईल. खरं सांगतो, तेव्हा मला डिस्कचीच काळजी होती. जुनी डिस्क इतकी कुरकुरली की मरायला टेकलेली असते.

"चिमे, काय पाडतेस एवढं?" मी ओरडलो.

भिंतीवर आमच्या बाजूला टांगलेलं घड्याळ हललं. पलीकडून कुणीतरी भिंतीवर आदळलं होतं. मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर ठेवून. चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांची नजर आकड्यावर होती.

सहाशे चार गेली.

"आता दार," ते पुटपुटले.

चिमी दाराशी येतच होती. तिचं डोकं एकदम बाजूला फेकलं गेलं आणि चौकटीवर आपटलं. तिच्या मागे कुणी नव्हतं. पुढे कुणी नव्हतं. भुवई उभी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

मी खुर्ची पाडून तिच्याकडे धावलो. दंडाला धरलं तर माझ्या बोटांखाली तिच्या दंडावर दुसरी बोटं उमटत होती. लाल, मग जांभळी. तिने तोंड उघडलं आणि ओठ आतून फुटला.

"थांबव," ती म्हणाली. "दादा, ते थांबव. ते सगळं माझं आहे."

मी परत टेबलाशी आलो. कॅन्सल दाबलं. स्क्रीनवर 'रद्द करत आहे' असं आलं आणि आकडा उतरत राहिला. पुन्हा दाबलं.

"मनगट," मेहुणे म्हणाले. अगदी हळू, पाठांतर केल्यासारखं.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. चिमी ओरडली नाही. खाली बसली आणि हात छातीशी धरून मागेपुढे झुलू लागली. पाठीवर सपकन काहीतरी बसलं, ब्लाउजवर ओळ उमटली. मेहुण्यांचा हात आपसूक कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

पाचशे सव्वीस.

पाचशे पंचवीस. तिच्या तोंडातून दात पडला.

पाचशे एकवीस. ती आडवी झाली. पोटात लाथ बसावी तशी फरशीवरून हातभर सरकली.

मोठ्या सगळ्या फाइली शेवटी होत्या.

मी टेबलाखाली घुसलो आणि वायर भिंतीतून उपटली.

स्क्रीन काळा झाला. शेवटचा आकडा पाचशे एकोणीस होता. घरात फक्त चिमीचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

मी अँब्युलन्सला फोन केला. पत्ता दोनदा सांगावा लागला. वळून पाहतो तर मेहुणे टेबलाशी वाकले होते. एका हातात प्लग होता.

"चालू करून बघू का?" ते म्हणाले. "निदान काम तरी पुरं होईल."

आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता. मी त्यांच्यावर हात उगारला. आणि जमिनीवर पडलेल्या चिमीने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं. नवऱ्याला भिऊन नाही. डोळे मिटण्याआधी तिची नजर माझ्या हातावर होती.

मी हात खाली घेतला. त्यांच्या हातातला प्लग हिसकावला, कॅबिनेट उघडलं, डिस्क काढून पँटच्या खिशात घातली. स्क्रू तिथेच फरशीवर टाकून दिले.

दवाखान्यात दुपारी दोन वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मनगट, दोन बरगड्या, दात, भुवईला सात टाके. "जीव वाचलाय," त्या म्हणाल्या. "पण आणखी एवढंच बसलं असतं तर वाचला नसता. मला एक कळत नाही. एवढा मार एका वेळचा वाटत नाही. पण सगळं ताजं आहे, दोन-तीन तासांतलं."

हवालदार आले होते. मेहुणे त्यांना शांत आवाजात सांगत होते, "साहेब, मी आज तिला हातही लावला नाही. दादांना विचारा, शेजारीच बसले होते."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान डोलवावी लागली. आज हे खरंच होतं. आदल्या नऊ वर्षांबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी दाखवायला माझ्याकडे खिशातल्या डिस्कशिवाय काही नव्हतं. ती कशालाही जोडायची माझी छाती नव्हती. टाकून द्यायचीही नव्हती. अशा डिस्कचं आयुष्य पाच-सहा वर्षं, हे मीच गिऱ्हाइकांना सांगतो. ही बारा वर्षांची आहे. ती बंद पडली तर आत उरलेल्या पाचशे एकोणीस कुठे जातील?

चिमी झोपेच्या इंजेक्शनखाली होती. तिचा डावा गाल आमच्याकडे होता.

"जरा हात पुढे करा," हवालदार मेहुण्यांना म्हणाले. त्यांनी तो तळवा तिच्या गालाजवळ धरला, न टेकवता, आणि बराच वेळ निरखलं. डॉक्टरीणबाईही वाकल्या.

"बाकीचं राहू द्या," हवालदार म्हणाले. "पण गालावरची ही चापट यांची नाही. यांची बोटं धड आहेत. हे मधलं बघा, अर्ध्यातच संपलंय."

मला ती तारीख आठवली. आमच्या घरी, याच मशीनसमोर, चिमी म्हणाली होती, मला त्या माणसाची भीती वाटते, मी हे लग्न करणार नाही. मी समजूत घातली असं वर लिहिलं आहे. एकच मारली होती. गालावर काही उमटलं नाही, म्हणून विसरूनही गेलो होतो.

मी उजवा हात पँटच्या खिशात घातला. डिस्क तिथेच होती. कोमट होती, आणि फिरत होती.