कैनातची चिठ्ठी

दहावीच्या निरोप समारंभाची शेलापागोटी लिहायचं काम नाझियाकडे आलं, कारण ती मराठी शिकवायची. चारुलताबाई, म्हणजे हेडबाई, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नाझिया, तुझा हात हलका आहे. कुणाला लागणार नाही असं लिहिशील." ही स्तुती होती की तक्रार, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

करंजाड्यातली ती शाळा तशी नवीच, पण ही रीत चारुलताबाईंनी आपल्या गावाकडून आणलेली. प्रत्येक मुलामुलीवर एक ओळ लिहायची, नाव न घालता. चिठ्ठ्या माठात टाकायच्या. लिहिणाऱ्या बाईंनीच एकेक काढून वाचायची, वर्गानं ओरडून सांगायचं कोण ते, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं पुढं येऊन चिठ्ठी घेऊन जायची. लिहिताना मनात कुणी का असेना, वर्ग म्हणेल त्याचीच ती ओळ. मग ती बदलून मिळत नाही आणि परतही घेता येत नाही. मुलं त्या चिठ्ठ्या बोर्डाच्या परीक्षेत कंपासपेटीत ठेवतात म्हणे, आशीर्वादासारख्या.

नाझिया स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लिहीत होती. कुणाला लागू नये म्हणून इतकं खोडलं की टोमण्यांची शुभेच्छापत्रं व्हायला लागली. शेजारी कैनात बसलेली, बालवाडीतली, डाव्या हातानं आईचा पदर धरून. ही पोर हात नाही तर पदर, पदर नाही तर बोट, काहीतरी धरून असायचीच. न्हाणीघराचं दारसुद्धा नाझियाला लावता यायचं नाही. तिनं यावर लेख वाचले होते, मदर्स ग्रुपवर विचारलं होतं. 'मूल सुरक्षित नसलं की चिकटतं' असं एकीनं लिहिलं, तर दुसरीनं 'आई सुरक्षित नसली की' असं. नाझियाला दुसरंच पटलं होतं. वाईट गोष्टी तिला लगेच पटत.

"अम्मी, माझी पण चिठ्ठी."

"तू दहावीत आहेस का गं?"

"माझी पण!"

मग तिनं कैनातचीही लिहिली. समारंभाला ती असणारच होती, सगळी मुलं तिला ओळखत होती. शेवटी वाचू, सगळे 'कैनात!' म्हणून ओरडतील, पोर खूश होईल. तिनं लिहिलं, 'आईचा हात सुटला की हिचं जग संपतं.'

एका मुलीवर मात्र तिनं लिहिलं नव्हतं. गोजरामावशीच्या संघमित्रावर. गोजरामावशी शाळेत झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या, बालवाडी सुटली की कैनातला सांभाळायच्या. त्यांची संघमित्रा याच वर्गातली. आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी सकाळी आईचा हात धरून गेटातून यायची आणि पोरं चिडवायची तरी सोडायची नाही. दिवाळीनंतर हायवे ओलांडताना मावशींनी घसरणारी पिशवी सावरायला क्षणभर तिचा हात सोडला. एवढंच झालं. बाकीचं ट्रेलरनं केलं.

तिच्यावर काय लिहिणार? नाझियानं पेन उचललं होतं, आणि ठेवून दिलं होतं.

समारंभ दुपारी होता. फोटो दाखवायचे म्हणून हॉलचे पडदे ओढलेले. ऐन उन्हात आत संध्याकाळ झाली होती. समोशांचा आणि स्वस्त परफ्यूमचा वास कोंदलेला. माठ कोराच होता, पाणी कधी भरलेलं नव्हतं, तरी आत हात घातला की मनगटापर्यंत गार लागत होतं.

"'उत्तर येवो न येवो, हात पहिला वर!'"

"स्वानंद!" अख्खा हॉल ओरडला.

"'शाळा सुटल्याची घंटा याला आदल्या तासालाच ऐकू येते.'"

"रोहन्या! बाई, हा तर रोहन्या!"

"'हिच्या डब्याला वर्गणीदार फार, जेवणारी मात्र उपाशी.'"

"ईश्वरी! ए, भेंडीची भाजी आठव!"

मुलं येत होती, चिठ्ठी घेऊन लाजत जागेवर जात होती. नाझियालाही जरा बरं वाटायला लागलं. आपण शिक्षिका म्हणून अगदीच वाया गेलेलो नाही, असं तिला वर्षातून एखाद्या वेळी वाटे. ती वेळ ही असावी.

मग लाइट गेली. पंखे हळूहळू थांबले. कुणीतरी शीळ घातली, ती मध्येच विरली. नाझियानं माठात हात घातला आणि तळाशी राहायला हवी होती ती चिठ्ठी तिच्या बोटांत आपणहून आल्यासारखी आली. पडद्याच्या फटीतल्या उजेडात तिनं वाचलं.

"'आईचा हात सुटला की हिचं जग संपतं.'"

कुणी ओरडलं नाही.

कैनात भिंतीशी गोजरामावशीच्या मांडीवर होती. नाझिया तिच्याकडे बघून हसणार, एवढ्यात शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "संघमित्रा."

मग दुसरं कुणी. मग सगळा वर्ग, अगदी दबक्या आवाजात, प्रार्थनेत म्हणतात तसा. "संघमित्रा… संघमित्रा…"

गोजरामावशींनी कैनातला मांडीवरून खाली ठेवलं. उठल्या. पुढं आल्या. त्यांच्या हाताला फिनेलचा वास येत होता.

"द्या बाई. माज्या पोरीची हाय."

नाही मावशी, ही कैनातची. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून ते कुणाला म्हणता आलं असतं? हलक्या हाताच्या नाझियाला तर नाहीच. तिनं चिठ्ठी दिली.

त्या दिवशी कैनात शाळेचा जिना एकटीच उतरली. कठडाही न धरता.

"अगं, तूच वैतागली होतीस ना, चिकटून असते म्हणून?" तिचा नवरा आतिफ म्हणाला. तो बेलापूरहून दमून आलेला. "आता सुटी चालते, तर त्याचंही टेन्शन?"

"सुटी नाही चालत आतिफ. ती… ती माझ्याकडे बघतच नाही."

"मोठी होतेय."

एका दुपारीत? नाझियाच्या मनात आलं. ती आपल्याच डोक्याला दोष देत राहिली, त्याची तिला सवय होती. पण कैनात भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. जबरदस्तीनं बोटं धरली, तर ती नाझियाच्या मुठीत वाळत घातलेल्या मोज्यासारखी पडून राहत. बोलणं बंद झालं. अम्मी ही हाक तर पार बंद. आणि एकदा रिक्षास्टँडशी ती सरळ रस्त्यात चालत गेली, पळत नव्हे, शांतपणे, समोरून टँकर येत असताना. रिक्षावाल्यानं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं. "मॅडम, पोरीचा हात धरा ना!" तो ओरडला. नाझिया फुटपाथवर बसून रडली. कैनात रस्त्याकडेच बघत उभी होती.

तेव्हा तिनं ठरवलं, चिठ्ठी परत मागायची. रीत गेली खड्ड्यात.

शाळा सुटल्यावर ती गेटाबाहेर थांबली. कैनात शेजारी, हातभर अंतरावर. ऊन उतरलं होतं, बांधकामांची धूळ हवेत लोंबकळत होती, खाडीकडून चिखलाचा वास येत होता. गोजरामावशी बाहेर आल्या, आणि हसल्या. दिवाळीपासून कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मावशी… ती चिठ्ठी…"

"हाय की. जपून ठेवलीय."

"ती कैनातची होती. मी… मी तिच्यावर लिहिली होती. मला द्या परत. पाया पडते."

मावशींचं हसू गेलं नाही. नुसतं थांबलं. "वर्गानं कोनाचं नाव घेतलं, बाई?"

"संघमित्राचं."

"मग?"

मावशी जवळ आल्या, आवाज खाली गेला. "त्या दिवसापास्नं येते ती. गेटापास्नं घरापोतर. दिसत नाय… पन हात देते. मी आता सोडनार नाय बाई, देव आला तरी." मग काळजीनं म्हणाल्या, "हात लय बारीक झालाय तिचा. तिकडं खायला मिळत नसंल पोरीला."

तेव्हा नाझियानं नीट पाहिलं. मावशी एका अंगाला वाकून उभ्या होत्या. डावा हात खाली सोडलेला, मूठ अलगद मिटलेली, गुडघ्याच्या जरा वर. लहान पोराला धरतात तिथं.

तिच्या तोंडून किंचाळीच निघाली. "कैनात!"

शेजारी उभी असलेली पोर हलली नाही. गोजरामावशींचा हात मात्र खांद्यापासून हिसकला, मागं, नाझियाच्या दिशेनं. पुन्हा हिसकला. मावशींनी मूठ घट्ट केली.

"नाय गं बाय… चल. बाईंना घरी जाऊ दे."

आणि त्या हायवेच्या दिशेनं निघाल्या, वाकून, छोटी छोटी पावलं टाकत. धावायचं तर शेजारच्या हिला सोडून नाझिया कशी धावणार? हिच्यासाठी थांबायचं तर ती…

तेवढ्यात शेजारून कुणीतरी बोललं. आवाज कैनातचाच होता, पण कितीतरी दिवसांनी ऐकलेला. अदबीचा.

"बाई… माजी आई पुडं चाल्ली. तिला हाक मारा ना."