चांदबोडीची मुळं

आमच्या तलावात मासा परत आणायचा, तर कमळाची मुळं हवी होती, आणि ती फक्त चांदबोडीत उरली होती! चांदबोडी म्हणजे साकोलीच्या पलीकडच्या जंगलातला लहानसा जुना तलाव. आमच्या गावापासून टेकडी ओलांडून चार तासांची वाट. मृगाला आठ दिवस उरले होते. एकदा तलाव भरला की तळात काही लावता येत नाही. आता नाही, तर थेट पुढच्या उन्हाळ्यात.

काही वर्षांपूर्वी यंत्र लावून आमचा तलाव खोल केला, तेव्हा गाळाबरोबर पाण्यातलं गवत, पाणकांदे, कमळ सगळं खरवडून निघालं. मासा अंडी घालतो पाण्यातल्या झाडोऱ्यात. झाडोराच नाही, तर मासा कुठला? माझा मुलगा भूपेंद्र जाळं आढ्याला टांगून हैदराबादला बांधकामावर गेला, त्याला दोन वर्षं झाली. सून रक्षा माझ्याजवळ राहते. तलाव जगला तर तो घरी येईल, एवढी एकच आशा तिनं धरली होती.

मासेमारी संस्थेच्या बैठकीत चांदबोडीचं नाव तीन उन्हाळे निघत होतं. "जाऊ एक दिवस," म्हणत सगळे चहा पिऊन उठायचे. या वेळी रक्षा उठली.

"उद्या सकाळी जाऊन राहिलो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? बाया?" अध्यक्ष कृष्णराव हसले. "पोहता येते काय तुमाले?"

"पोहाले कोण जाते, भाऊजी? मुळं आणाले जाऊन राहिलो," शेजारची पुष्पाबाई म्हणाली. "तुमी चहा घ्या अजून एक."

आमच्या ढिवरांत पुरुष पाण्यात उतरतात, बाया मासा विकतात. मी चाळीस वर्षं सानगडीच्या बाजारात मासा विकला, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. मी नऊ वर्षांची असताना माझे बाबा जाळं घेऊन तलावात उतरले आणि वर आले नाहीत. तेव्हापासून पाणी मी काठावरूनच पाहिलं. लहानपणी त्यांच्याबरोबर गेले होते म्हणून चांदबोडीची वाट मला ठाऊक होती. शिवाय सुनेला जंगलात एकटं सोडवेना.

"आई, तुम्ही काठावर बसा फक्त," रक्षानं निघतानाच सांगितलं.

वनरक्षकाला सांगून आम्ही उजाडताच निघालो. तीन बाया, तीन पोती, एक दोर आणि भाकरी. टेकडी चढेपर्यंत ऊन तापलं. सागाची पानं गळून गेली होती, सावली म्हणून नव्हती. माझे गुडघे दर वळणावर कुरकुरत होते. खिंडीत पोचलो, तोच पुष्पाबाईनं माझा दंड घट्ट धरला.

अस्वल!

वीस पावलांवर ते वारूळ उकरत होतं. पाठीवर पिल्लू. आम्ही जागच्या जागी थिजलो. श्वाससुद्धा हळू घेतला. अस्वलानं मान वर केली, हवा हुंगली आणि पुन्हा वारुळात तोंड घातलं. आम्ही एकेक पाऊल मागं सरकलो आणि मोठा वळसा घालून खाली उतरलो.

"माह्या अंगाले मासोळीचा वास आला असन त्याले," पुष्पाबाई कुजबुजली. "भाव इचारत होतं."

चांदबोडी दिसली आणि आम्ही चालायचं विसरलो. चहूकडून रान, मध्ये हिरवीगार थाळ्यासारखी पानं आणि त्यांतून वर आलेली गुलाबी फुलं! रक्षानं पदर खोचला आणि ती पाण्यात उतरली. तिनं एक देठ ओढला. देठ तुटून हातात आला, मूळ खालीच. दुसरा ओढला, तेच. म्हणून दुसऱ्या बाजूनं हात घालायला ती पानांतून बाहेर, मोकळ्या पाण्याकडे गेली. तिथं चालायला सोपं वाटलं तिला. तिथंच ती चुकली!

"आई! पाय लागत नाही!"

कमरेपर्यंत गाळ. पाणी छातीला. धडपडली तशी आणखी खाली गेली.

"हलू नको! अजिबात हलू नको!" मी ओरडले.

पुष्पाबाईनं दोर फेकला. पोचला नाही. पुन्हा फेकला. हातभर कमी! ती पाण्याकडे धावली, मी तिला मागं ओढलं.

"तू अंगानं भारी आहेस, पुष्पा. तूही रुतशील. दोर मोहाच्या झाडाले गुंडाळ आन् दुसरं टोक मले दे."

"तुमी? गोदाबाई, तुमी जाल?"

मी काठावर उभी राहिले. पाय उचलेना. पंचावन्न वर्षं तो पाय तिथंच थांबला होता. मग बाबांचं एक बोलणं आठवलं. मूळ डोळ्याले नाही दिसत पोरी, पायाच्या बोटाले दिसते.

मी जिथं पानं सर्वांत दाट होती, तिथं पाय टाकला. गाळ मऊ लागला. आणखी खाली. आणि मग बोटांना लागलं. मनगटाएवढी जाड मुळं, बाजेच्या दोरीसारखी एकमेकांत विणलेली. त्यांनी माझा भार घेतला!

दुसरं पाऊल सोपं गेलं, असं नाही. त्याचीही भीती वाटली. पण एका पायाखाली काहीतरी होतं, म्हणून दुसरा उचलता आला. बोटांनी चाचपत, पानांच्या आतून, मी पुढं गेले. शेवटच्या पानापाशी थांबले. दोराचा फास फेकला. रक्षानं तो काखेखाली घेतला.

"ओढ, पुष्पा!"

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गाळानं तिला सोडलं! पानांवर आडवी पडून ती रडायला लागली. मी तिला आधी एक धपाटा दिला, मग छातीशी धरलं. किती वेळ धरलं, ठाऊक नाही.

पुष्पाबाई काठावरून ओरडली, "रडणं झालं असन तर मुळं काढा! उपाशी आहो मी!"

भाकरी खाऊन मी रक्षाला पायाच्या बोटांनी मूळ शोधायला शिकवलं. आम्ही दोन पोती भरली. तिसरं रक्षानं रिकामंच घडी केलं.

"इतकं बस, आई. ही वीण सैल केली तर पुढच्याचा पाय कशावर पडन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या तलावात उतरलो. काठावर चार बाया होत्या, दुपारपर्यंत अकरा झाल्या. मग कृष्णरावांनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

तीन आठवड्यांनी रक्षा भूपेंद्रशी फोनवर बोलताना ऐकली.

"नाही जी, मासोळी नाही. पान आलं. दोन पानं... पाण्यात कोण उतरलं म्हणजे? पयले आई उतरल्या."

मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

"माय?"

"बोल, बापा."

त्याच्या मागं कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"पाणी थंडं होतं काय वं?"

"नाही रे," मी म्हटलं. "कोमट होतं. ये पाहाले."