नाक धुवायची सोबत

इस्पितळातून रोसेल पळाली ती थेट फाटकाजवळच्या बाचोय या शेवयांच्या सुपाच्या गाडीवर धडकली... गळ्यात कागदी रुमाल तसाच, नाकपुडीत औषधाचा कापूस! गाडीशी उभ्या तरुणाच्या हातातलं निम्मं सूप त्याच्याच सदऱ्यावर सांडलं.

"इंदाय... अगं मुली, डॉक्टरांना मारून आलीस की काय?" तो म्हणाला.

"हसू नका! ते... ते पुन्हा दुर्बीण घालणार आहेत."

रोसेलचं सायनसचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं होतं. झोंबतं म्हणून तिनं ते सोडूनच दिलं. आज डॉक्टर म्हणाले, आतल्या जखमा एकमेकींना चिकटायला लागल्यात, आत्ताच सोडवायला हव्यात.

तरुणानं वाटी खाली ठेवली. "मी क्रिसांतो, गिमारास बेटाच्या फेरीबोटीवर कामाला असतो. मीही असाच पळालो होतो."

"मग?"

"मग काय... आतली वाटच बंद झाली. पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन." त्याचा आवाज मऊ झाला. "तुझा अजून नुसता पापुद्रा असेल. चल, मी दाराशी थांबतो."

"माझ्यासाठी? का?"

"सदऱ्याची भरपाई कोण देईल मग?"

तिला हसू फुटलं, आणि ती वळली.

आत झोंबलं, डोळे भरून आले, खुर्चीचे हात तिनं घट्ट आवळले... आणि झालंसुद्धा! बाहेर तो खरंच उभा होता, सुपाच्या डागासकट. जाताना त्यानं तिचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "धुतलंस?"

"भीती वाटते."

"उकळून कोमट केलेलं पाणी घे. वाक, तोंड उघडं ठेव. मीही धुतोय... ऐक!"

पलीकडून असा काही खुळखुळाट आला की रोसेल हसता हसता ठसकली. मग हे रोजचंच झालं. नाक धुवायला दोन मिनिटं, बोलायला तासभर.

अखेर एका तपासणीत डॉक्टर म्हणाले, "सगळं छान भरलंय. कुठे चिकटलेलं नाही. आता रोज धुवायची गरज नाही."

आनंदानं उडी मारायची, तर रोसेलचं मनच खट्टू झालं. ती तडक धक्क्यावर गेली. क्रिसांतो बोटीचा दोर बांधत होता.

"बरी झाले मी."

"वा!" तो हसला, पण हातातला दोर तसाच राहिला. "म्हणजे... उद्यापासून फोन नको?"

रोसेल धीर करून म्हणाली, "नाकाची चौकशी बंद कर. माझी करत जा ना... रोज."

क्रिसांतोनं दोर सोडला नि तिचा हात धरला. "आत्तापासूनच करतो. जेवलीस?"