राउनोचा पेंग्विन

"गेमवालाच घ्यायचा! तो लाल दिव्यांचा!" संगणकाच्या दुकानात पाऊल टाकताच एइनो ओरडला.

"आणि आईने हॉस्पिटलचं काम त्या पंख्याच्या घोंघाटात करायचं?" त्याची बहीण आयली म्हणाली. "बाबा, साधा आणि शांत घ्या."

"मॅक घ्या, भांडण मिटेल," शेजारची मर्ना मध्येच बोलली.

"त्यावर माझे निम्मे गेम चालत नाहीत!"

"मग अभ्यास कर!" आयलीने सुनावलं.

कॅनडातल्या थंडर बेमध्ये मार्चची सुट्टी लागली तरी गुडघाभर बर्फ होता. पोरं भांडत होती, आणि बाबांना बरंच वाटत होतं. त्यांच्या घरात बरेच दिवस कोणी धड भांडलंही नव्हतं. ऑक्टोबरात राउनोची, म्हणजे आयली-एइनोच्या मोठ्या भावाची, होडी सरोवरात उलटली होती. तो परत आला नाही.

राउनो गेम खेळताना अखंड बडबडायचा आणि ती बडबड रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याचा आवाज आता फक्त त्याच्या संगणकात उरला होता. तो ऐकायचा धीर अजून कोणाला झाला नव्हता. रिकाम्या खोलीतला तो संगणक बाबांना रोज बघवेना, म्हणून तो दुकानात देऊन ते नवा घेणार होते. आतलं सगळं मात्र नव्यात यायला हवं होतं. आई गाडीतून उतरलीच नाही.

दुकानदार बॅसेटने संगणक उघडून डिस्क काढली होती आणि ती स्वतःच्या संगणकाला जोडली होती.

"मिस्टर कोर्पेला, वाईट बातमी आहे. डिस्क गेली. यात काही नाही."

बाबा टेबलावर वाकले. "काहीच नाही?"

"वाचताच येत नाही. फॉरमॅट करून बघतो, चालू झाली तर दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं! मर्नाने डिस्कला बोट लावलं.

"ही तर थरथरतेय! गेलेली डिस्क अशी फिरते का?"

आयलीची नजर राउनोच्या उघड्या संगणकावर गेली. त्याच्या पत्र्यावर एक बेढब पेंग्विन होता. आईचं नेलपॉलिश पळवून राउनोनेच तो काढला होता. पेंग्विन! लिनक्सची खूण!

"थांबा!" ती ओरडली. "डिस्क चांगली आहे! राउनो विंडोजऐवजी लिनक्स वापरायचा. तुमच्या विंडोजला त्याचं लिहिलेलं वाचता येत नाही, एवढंच!"

"बाळ, माझा जन्म गेला यात," असं म्हणत बॅसेटने हात माउसकडे नेला.

"एइनो, प्लग!"

एइनोने टेबलाखाली सूर मारून प्लग उपटला. पडदा काळा झाला, बॅसेटची कॉफी लवंडली.

"अरे कार्ट्या!"

आयलीने गळ्यातला पेनड्राइव्ह काढला. त्यात राउनोने तिच्यासाठी लिनक्स घालून दिलं होतं. "कुठल्याही डबड्यावर चालेल बघ," असं तो म्हणाला होता. तिने तो बॅसेटच्या संगणकात खुपसला.

"आता प्लग लाव!"

संगणक चालू होताना कोणतं बटण दाबत राहायचं, हेही राउनोनेच शिकवलं होतं. बॅसेट तिला अडवायला पुढे झाला, पण बाबांनी त्याचा दंड धरला.

"करू दे तिला."

पडदा उजळला. कोपऱ्यात डिस्कचं नाव आलं: राउनो. उघडली, तर आत फाइलींची रास!

"आईला बोलाव," बाबा कसंबसं एइनोला म्हणाले.

बॅसेटचा चेहरा उतरला होता. "पोरी, मी पुसून टाकणार होतो गं," तो म्हणाला. "तू शहाणी, म्हणून वाचलं. मला एवढंही सुचलं नाही." बाबांनी आयलीच्या डोक्यावर हात ठेवला.

आई बुटांवरच्या बर्फासकट आत आली. आयलीने सगळ्यात वरची फाइल लावली. आधी नुसती गेममधली धडाधड, मग राउनोचं खिदळणं. "मागे बघ! अरे, मागे बघ!" आणि मग लांबून, जिन्याखालून, आईचाच आवाज आला.

"राउनो! जेवायला चल!"

"आलो गं आई! पाचच मिनिटं!"

आईने टेबलाला धरलं आणि पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "घे रे. हवी तेवढी घे."