अळणी

अड्यारला आमची प्रार्थनासभा टाइल्सच्या दुकानाच्या वर भरते. चपला जिन्यात काढायच्या, पंख्याखालच्या खुर्च्या म्हाताऱ्यांना सोडायच्या. मुलाला, संजीवला, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा मी जालन्याहून त्याच्यासोबत आले. पहाटे गुडघ्यांवर एक स्तोत्र, मगच चहा, हा माझा जुना नेम. संजीव तिरुवान्मियूरच्या समुद्रात उतरला आणि परतला नाही, तेव्हा आणखी एक धरला. तो किंवा त्याचा देह मिळेपर्यंत अळणी जेवायचं.

एका रविवारी सभेत मीनाक्षीअम्मा उठल्या. निवृत्त शिक्षिका, पक्क्या तमिळ. पवित्र आत्म्यानं भरल्या की त्या अन्य भाषेत बोलत; ती कुणालाच कळत नसे. सभेतला व्यंकट तिचा अर्थ तमिळमध्ये सांगे, आणि माझी सून अर्चना तो मला मराठीत.

त्या दिवशी मला कळली. मराठी होती. आमच्या जालन्याकडची.

"आये, दार वाजंल. माझ्याच आवाजात हाक येईल. उघडू नको. त्यो मी न्हाई."

मला 'आये' फक्त संजीव म्हणायचा.

व्यंकटनं दोन्ही हात वर केले. "प्रभू म्हणतो, दार वाजेल. उघडा! हरवलेला लेक घरी येतोय!"

हालेलुयाचा गजर झाला. अर्चना रडत गळ्यात पडली.

सभेनंतर मी पाळकांना सगळं सांगितलं. ते मायेनं हसले. "अम्मा, भविष्यवाणी मनाच्या उभारणीसाठी असते. भीती घालते ती देवाची नव्हे."

"आंटी, तुम्हाला भाजीवाल्याचं तमिळ कळेना," व्यंकट म्हणाला, "आणि स्वर्गाची भाषा कळली?"

लोक हसले. मी मीनाक्षीअम्मांनाच मराठीत विचारलं, "काय बोललात हो तुम्ही?" त्या गोंधळून पाहत राहिल्या. "पुरियल, मा." कळलं नाही, बाई.

घरी आल्यावर अर्चना एवढंच म्हणाली, "आई, सगळ्यांना आशा ऐकू आली. तुम्हालाच मरण ऐकू आलं?"

नंतर एका दुपारी वीज गेली होती. मी तांदूळ निवडत होते. दारावर थाप पडली.

"अम्मा, कदव तिर."

आई, दार उघड. आवाज संजीवचा. पण माझ्याशी तो कधी तमिळ बोलला नव्हता.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "अर्चना, नको गं. पाया पडते तुझ्या."

तिनं मला अलगद बाजूला केलं. हसतच कडी काढली.

तो आत आला. अंगात तोच निळा शर्ट, इस्त्रीचा. तो शर्ट पोलिसांनी वाळूवरून आणून दिला होता.

मी आत जाऊन कपाट उघडलं.

शर्ट तिथंच होता.

धक्क्यानं मराठी विसरला असेल, असं डॉक्टर म्हणाले. सभेनं त्याला पुढं उभं करून साक्ष द्यायला लावली. आता नुंगंबाक्कमहून लोक गाड्या करून व्यंकटकडं येतात, हात डोक्यावर ठेवून घेतात. अर्चना दिवसभर त्याच्याशी तमिळ बोलते, हसते. तिला कपाटातला शर्ट दाखवला, तर म्हणाली, "दोन असतील." मी अजून अळणी जेवते.

परवाच्या रविवारी मीनाक्षीअम्मा पुन्हा उठल्या. या वेळी आवाज रडवेला होता.

"आये, उघडलंस व्हय? मी अजून पाण्यातच हाय."

"प्रभू म्हणतो," व्यंकट ओरडला, "लेकरू सुखरूप घरी पोचलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी बसलेला तो मात्र वाजवायचा थांबला. मीनाक्षीअम्मांकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, पाठ करावं तसे.

घरी आम्ही जेवायला बसलो. तो मिठाची बरणी घेऊन माझ्यापाशी आला. चमचाभर मीठ माझ्या वरणात घातलं, नीट ढवळलं. मग कानाशी वाकला.

"सोड की आता नेम, आये."